बावीस लोण

सरवरीने शाळांच्या गुणांची यादी वरून वाचायला सुरुवात केली, कारण डोणगावचं नाव वरच असणार याची तिला खात्री होती. पहिलं नाव भलत्याच शाळेचं निघालं. दुसरं, तिसरंही. चौथं दुसरबीड. मग तिची नजर झरझर खाली उतरली आणि अगदी तळाशी, आठव्या ओळीत, तिला आपलं गाव सापडलं. डोणगाव, गुण बावीस. दुसरबीडपुढे तीनशे बारा लिहिले होते.

खाली सूचना होती. पहिल्या चार शाळांचे सामने आज होतील. बाकीच्यांनी दुपारी दोनच्या मोटारीने परत जावे.

त्या काळी वऱ्हाडाचा कारभार नागपुरातून चाले, आणि जिल्ह्यातल्या शाळांचे हुतूतूचे सामने मलकापुरात भरत. रेल्वे तिथे, आणि कापसाच्या जिनिंगमागचं मैदानही तिथे. डोणगावची नऊ पोरं आदल्या दिवशी पहाटे सर्व्हिस मोटारीत कोंबून निघाली होती ती दिवे लागताना उतरली, आणि त्यांच्या भुवयासुद्धा धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या. बरोबर ड्रिलचे तुळशीराम मास्तर होते. मिरचीच्या व्यापारासाठी निघालेले अब्दुल गनी होते, आणि हटून बसलेली त्यांची बारा वर्षांची लेक सरवरी. तिचा भाऊ शकूर संघाचा कप्तान होता. यंदा त्याचं शाळेतलं शेवटचं वर्ष. पुढच्या हिवाळ्यात तो बापाबरोबर गावोगावचे बाजार करणार होता, मैदानावर नसणार होता.

"बावीस?" शकूर ओरडला. "अकरा सामने खेळलो आपण! एक बी हारलो नाही!"

साऱ्यांनी सरवरीकडे पाहिलं. कारण हिशेब तिचा होता.

डोणगावात सामन्याचे पंच तुळशीराम मास्तरच, त्यामुळे मोजायचं काम शाळेच्या भिंतीवर बसलेल्या सरवरीकडे आलं होतं. ओढणीत चिंचोके घेऊन ती बसे. डोणगावच्या रीतीत मेलेला गडी सरळ बाहेर जाई आणि निंबाखाली बसे, डाव संपेपर्यंत. समोरचे नऊच्या नऊ मेले की झालं एक लोण, आणि सरवरी एक चिंचोका बाजूला ठेवी. दोन लोण केले की सामना जिंकला. एकेक गडी मोजत बसणं तिथे कुणाला सुचलंच नव्हतं. मलकापुराहून छापील कागद आला, त्यात 'एकूण गुण' अशी एकच रिकामी जागा होती. सरवरीने आपल्या सुरेख अक्षरात तिथे बावीस लिहिलं. मास्तरांनी शाबासकीही दिली होती.

शेजारी दुसरबीडचा कप्तान उभा होता, कारभारी नावाचा, बैलासारख्या खांद्यांचा. तो हसून हसून वाकला.

"लोण कोन मोजते बे? गडी मोजते! एक गडी मारला का एक गुण. साऱ्या सालात बावीस मारले तुम्ही? माशा मारत होते का?"

शकूर त्याच्या अंगावर जाणार तोच मास्तरांनी त्याला कंबरेतून धरलं. सरवरीच्या कानांतून वाफा निघाल्यासारखं झालं. अकरा सामने, सारा हिवाळा, भावाचा घाम. आणि बुडवलं कुणी, तर तिच्या टाकाने.

"अब्बा, म्याच बुडवलं," ती म्हणाली.

"बुडवलं तं बुडवलं. आता काढ," अब्दुल गनी म्हणाले. "यादी कोनं केली, इचार."

यादी रामराव वकिलांनी केली होती. मांडवाखाली टेबलाशी ते बसले होते, डोक्याला काळी टोपी, नाकावर चष्मा. माणूस सरळ. आधी ज्या शाळेच्या मंडळींची ओळख मोठी, तीच सामन्यांत घुसे. रामरावांनी भांडून ते बंद केलं आणि ही आकड्यांची रीत आणली. आकड्याला काका नसतो, मामा नसतो, असं ते चारचौघांत अभिमानाने सांगत.

मास्तरांनी चूक समजावून सांगितली. रामरावांनी ती नीट ऐकून घेतली आणि लगेच पेन्सिल उचलली.

"एका लोणात नऊ गडी. बावीस नवे एकशे अठ्ठ्याण्णव. लिहितो." त्यांनी यादीवर बोट फिरवलं. "आठव्याचे सहावे झालात, मास्तर. पण चारांत नाही. मी काय करू? आकडा बोलतो."

पोरांच्या माना खाली गेल्या. सरवरी मात्र त्या तीनशे बारांकडे टक लावून पाहत होती. दुसरबीडनेही अकराच सामने खेळले होते, तसं यादीतच होतं. एका सामन्यात अठ्ठावीस गडी मारायचे, आणि समोर तर नऊच!

"वकीलसाहेब," ती म्हणाली, "दुसरबीडात मेलेला गडी उठते का?"

मांडवात हशा पिकला. रामराव हसले नाहीत.

"उठतो तर. आपण समोरचा एक मारला की आपला एक मेलेला उठून आत येतो."

"मंग त्यायच्याइकडं एकच मानूस एका सामन्यात तीन खेपा मरते. आमच्याइकडं डावात एकदाच मरते. मेलेले उठतच नाहीत तं आमी मारावं कोनाले?"

आता कुणी हसलं नाही. रामरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग आठही शाळांचे कागद पुढे ओढून एकेक उलटून पाहिले. खेळाची रीत कोणती, हे एकाही कागदावर विचारलेलं नव्हतं.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "मी शेर आणि गज एकाच काट्यावर तोलत होतो."

त्यांनी दुसरबीडच्या पोरांना बोलावलं. अकरा वाजता डोणगावशी वीस मिनिटांचा एक सामना, दुसरबीडच्या रीतीने. जिंकेल तो चौथा.

"आमचा नंबर आमी कमावला," कारभारी उसळला. "आता काऊन पुन्हा खेळाचं?"

"तुझ्या आकड्यात खोट नाही, बाबा. माझ्या यादीत आहे. तू नाही म्हणालास तर जबरदस्ती करणार नाही."

कारभारी 'नाही' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात सरवरी म्हणाली, "माशा मारनाऱ्यायले भेता का, दादा?"

दुसरबीडचीच पोरं खो खो हसली. कारभारीने सदरा काढून फेकला. "चला बे!"

बातमी मैदानभर पसरली. जिनिंगमधले हमाल भिंतीवर चढले, चहावाला किटली घेऊन दोरीशी आला. शिटी झाली आणि शकूर "हुतूतूतू" करत असा घुसला की पहिल्याच चढाईत दोन गडी घेऊन परतला. पण तिसऱ्या चढाईला कारभारीने त्याचा पाय धरला, आणि शकूर गेला. मागोमाग आणखी दोघे गेले. मग डोणगावने एक मारला, पुन्हा एक मारला, तरी डोणगावच्या बाजूला पोरं कमीच दिसत होती. दुसरबीडने दोन लोण चढवले, तिसरा डाव सुरू झाला, आणि पंचाने पुकारलं : दुसरबीड एकवीस, डोणगाव बारा.

सरवरीने मोजलं. मैदानात सहा. या डावात आपले तीन मेले, त्यांचे दोन मारले, म्हणजे असायला पाहिजेत आठ. बाकीचे कुठे गेले?

तिने मागे पाहिलं. डोणगावचे मेलेले वीर कुंपणाजवळच्या निंबाखाली ऐसपैस बसून फुटाणे खात होते, आणि सर्वांत पुढे शकूर! जन्मभराची सवय. मेला म्हणजे मेला. पंच "एक आत" म्हणून ओरडत होते, ते त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हतं.

मास्तर मैदानाच्या पलीकडच्या दोरीशी, हाक पोचणार नाही इतके दूर उभे. सरवरी चपला टाकून धावत सुटली.

"भाई! ऊठ! तू जिता झाला!"

"काय झालो?"

"जिता झाला रे! फुटाने टाक अन् पय!"

सारं मैदान हसण्याने हललं. शकूर तोंडात फुटाणे घेऊनच पळत आत शिरला. पुढच्या दहा मिनिटांत सरवरी निंब आणि दोरी यांच्यामध्ये नुसती येरझारा घालत होती. डोणगावने एक मारला की ती पहिल्या मेलेल्याचा दंड धरून त्याला उठवी, "तू जा! आता तू!" अब्दुल गनी मिरचीचा भाव विसरून लोकांच्या खांद्यांवरून उड्या मारत होते. बावीस-वीस. पंचवीस-पंचवीस. शेवटची चढाई शकूरची. अठ्ठावीस सारखे. त्याने कोपऱ्यातल्या गड्याला हुलकावणी दिली, कारभारीने मागून झडप घातली, शकूर त्याला ओढत, फरपटत, दम न सोडता रेघेकडे सरकला आणि पालथा पडला. बोटं रेघ ओलांडून आपल्या बाजूला आली होती. वीतभर.

शिटी वाजली. डोणगाव एकोणतीस.

रामरावांनी स्वतः उठून यादीवरचं नाव बदललं. दुसरबीडचे मास्तर मोटारीकडे निघाले, पण त्यांची पोरं हलेनात. धुळीने माखलेला कारभारी शकूरपुढे येऊन उभा राहिला.

"आमची जागा घेतली तुम्ही," तो धापा टाकत म्हणाला. "आता त्या पहिल्या नंबरवाल्याशी गाठ हाय. हारून दाखवा बे, मंग पाहतो मी तुमच्याकडं! मोटार गेली तं गेली. आमी इथंच बसून राह्यलो."

आणि दुसरबीडची नऊही पोरं निंबाखाली जाऊन बसली. कारभारीने सरवरीला हाक मारली, "ए हिशेबवाली, तू दोरीशी उभी राहून गडी मोज. मेलेले उठवाचं काम आता आमच्याकडं."

चार वाजता पहिल्या नंबरवाल्यांशी सामन्याची शिटी झाली.