आधी आकडा, मग चहा

कोरीट गावातल्या ममताच्या मिरची कांडपाच्या गिरणीला ना कोणाची दृष्ट लागली होती, ना यंत्र बिघडलं होतं. तिचं वाटोळं करत होता तो सासूबाईंचा चहा. आलं घातलेला, निव्वळ दुधाचा, प्रेमाने पाजलेला. म्हणून तर जास्त चीड यायची. वाईट माणसाशी भांडता येतं, चहाशी कसं भांडणार?

दोन वर्षांपूर्वीपर्यंत इथे नुसता बाजार असायचा. गावोगावच्या बाया वर्षाची मिरची घेऊन यायच्या, आणि जिचा आवाज मोठा तिचं पोतं आधी. शिंका, शिव्या, ढकलाढकली. ममता माहेरची पुरुषोत्तमनगरची; तिचा बाप साखर कारखान्यात उसाच्या गाड्यांना नंबर द्यायचा. तिने तीच युक्ती इथे आणली. पत्र्याचे गोल बिल्ले कापून घेतले, त्यांवर आकडे रंगवले. आलेल्या बाईच्या हातात बिल्ला द्यायचा, आणि आकडा पुकारल्याशिवाय कोणाचीही मिरची यंत्रात टाकायची नाही. गेला हंगाम कसा सुतासारखा सरळ गेला. लांबच्या पाड्यांवरून बाया यायला लागल्या. इथे आपली पाळी कोणी खात नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

यंदा मात्र ये रे माझ्या मागल्या. सासूबाई, म्हणजे बेबीबाई, ओट्यावर बसायच्या आणि ओळखीची बाई दिसली की हाक मारायच्या, "ये वं माय, उनमा कसाले उभी शे? बठ, चहा ले." एकदा घरचा चहा पोटात गेला की ती बाई गिऱ्हाईक उरायची नाही, पाहुणी व्हायची. आणि पाहुणीला पुन्हा रांगेत उभं करणं बेबीबाईंच्या सात पिढ्यांत कोणाला जमलं नव्हतं. मग तिचं पोतं आधी. बरं, बेबीबाईंच्या ओळखीचं कोण नव्हतं? निम्मा तालुका त्यांच्या नात्यातला.

सोमवारी तर कहर झाला. पाड्यावरची दिवलीबाई उजाडायच्या आत येऊन बसली होती. तिचा आकडा जवळ आला की चहा प्यायलेली एखादी पुढे घुसायची. दुपार कलली तशी ती उठली, बिल्ला ममताच्या हातात ठेवला आणि पोतं डोक्यावर घेऊन चालती झाली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"बाया नंदुरबारले जाई ऱ्हायन्यात," संध्याकाळी योगेंद्र, तिचा नवरा, म्हणाला. "हाऊ हंगाम असाच गया ते मशीन ईकी टाकू."

यंत्र गेलं की ममताच्या वाट्याला पुन्हा चूल आणि शेतावरचे डबे. गिरणीत ती चार माणसांत ओळखली जात होती, ते सगळं एका कपापायी जाणार.

सासूला सांगून सांगून तिच्या जिभेला फोड यायचे बाकी होते. भिंतीवर पाटी लावली, तर बेबीबाईंनी पाटीच्या खिळ्याला चहाची गाळणी अडकवली.

"मी कोठे रांग मोडस?" त्या भोळेपणाने म्हणायच्या. "मी ते फक्त चहा पाजस."

पालथ्या घड्यावर पाणी! त्या रात्री ममता चिडून गाळणीकडे बघत राहिली. ही बाई मरेपर्यंत चहा सोडणार नाही, हे तिला कळून चुकलं. मग चहालाच रांगेत उभं करायचं तिने ठरवलं.

"आई, आजपाईन आकडा तुम्हीच पुकारा," सकाळी तिने बिल्ल्यांची टोपली सासूच्या मांडीवर ठेवली. "जिना आकडा, तिलेच चहा. तुमना चहा लिधाबिगर कोनीबी मिरची मशीनमा पडाव नही."

बेबीबाईंना हा मान भलताच आवडला. त्यांनी असा काही कडक कारभार सुरू केला की सख्ख्या जावेलाही आकड्याआधी कप मिळेना. रांग पुन्हा सरळ झाली. ममताने निरोप धाडल्यावर दिवलीबाईही परत आली.

आणि ती आली त्याच दिवशी भर दुपारी ममताची आई, प्रमिलाबाई, मिरचीचं पोतं घेऊन दारात उतरली. बेबीबाईंचा हात आपोआप किटलीकडे गेला आणि मधेच थांबला. त्यांनी विहिणीच्या हातात बिल्ला ठेवला. "बठा, याहीण."

लेकीच्या सासरी पाण्याआधी पत्रा हातात! प्रमिलाबाईचा चेहरा उतरला. "मन्ही तीननी एसटी शे," ती कशीबशी म्हणाली.

रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. बेबीबाई खरोखरच कोड्यात पडल्या होत्या. "काय करू वं ममता? तू सांग, आते पाजस."

पुढचा आकडा दिवलीबाईचा होता. ती बिल्ला मुठीत धरून ममताकडे बघत होती, दुसरा हात पोत्याच्या तोंडावर, उचलायच्या तयारीत. आपलेच दात, आपलेच ओठ. ही अक्कल आपणच पाजळली, याचा ममताला असा संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"दिवलीबाईना आकडा पुकारा, आई."

दिवलीबाईने बशीत ओतून, फुंकर मारत, सावकाश चहा घेतला.

"तुन्हा बाप जलमभर गाडीस्ले नंबर देत ऱ्हायना," प्रमिलाबाई लेकीला हळूच म्हणाली, "पन दारमा याही ऊना ते पहिले चहाच दिधा."

मग तिने बिल्ला पदराला बांधला आणि रांगेच्या शेवटी आपल्या पोत्यावर जाऊन बसली. तीनची एसटी हॉर्न देत निघून गेली, तेव्हाही ती तिथेच होती.