फत्तेसिंगमामाचा एक घाव

चेनसॉ मशीनला कुळी कळत नाही. तुमचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर बेंगळुरात आले की तुम्ही परवाच्या रेल्वेनं उतरलात, त्याला फरक पडत नाही. पेट्रोल घातलं की ते चालतं आणि चूक केली की लाथ मारतं. हे मी आमच्या फत्तेसिंगमामाला सांगायला गेलो, तर तो म्हणाला, "अभ्या, या हातात तलवार खेळलीय."

खेळलीय म्हणे. ती कशी खेळली हे मागच्या दसऱ्याला सगळ्या येलहंक्यानं बघितलं होतं.

आमच्या लोकांत दसऱ्याला भवानीच्या देवळापुढं केळीचा खांब उभा करतात आणि मानकऱ्यानं तो एका हातानं, एका घावात तोडायचा. मान मामाच्या घराचा. पंच्याण्णव साली मामाला तीन घाव लागले. पहिला निसटला, दुसरा अडकला आणि तिसऱ्यानं खांब तुटला की कंटाळून पडला हे भवानीलाच ठाऊक. राजाजीनगरचे नरसिंगराव मामाचे लांबचे चुलतभाऊ. मानावर त्यांचा डोळा आधीपासूनच. त्यानंतर वर्षभर प्रत्येक लग्नात ते मामाच्या समोरच्या पंगतीत बसायचे आणि शिकरण तीनदा मागून घ्यायचे. दर वेळी मोठ्यानं मोजायचे. पंचांनीही सांगून टाकलं होतं की यंदा एका घावात झालं नाही तर मान राजाजीनगरला जाईल.

म्हणून मामानं ठरवलं, यंदा तलवार नको, मशीन. नियम एका हाताचा आणि एका घावाचा, हत्यार कुठलं ते नियमात नाही. पण एका हातानं, तलवारीसारखंच, वरून खाली. शिवाजीनगरच्या त्याच्या ताडपत्रीच्या दुकानात बसून तो मला हे असं सांगत होता, जणू मी मशीन आणून द्यायचं आणि बाजूला उभं राहून टाळ्या वाजवायच्या.

मी झाडं तोडतो. रस्ता रुंद करायचा झाला की आमच्या टोळीला बोलावतात. माझ्या टोळीत ज्योतिबा होता. घाईत त्यानं मशीनची साखळी फिरते त्या पट्टीचं टोक फांदीला टेकवलं आणि पट्टी उलटी तोंडावर आली. कपाळापासून हनुवटीपर्यंत टाके. कंत्राटदार दवाखान्यात आला, म्हणाला नशीब एकेकाचं, आणि गेला. कसलं नशीब? टोळीत बारा माणसं आणि शिकवायला एकही नाही, याला नशीब म्हणत असतील तर त्या कंत्राटदाराच्या नशिबात एकदा ते मशीन यायला पाहिजे.

मामाला नाही म्हणता आलं असतं. पण मी नाही म्हटलं तर त्यानं दुसऱ्या टोळीतनं मशीन आणलं असतं, आणि तिथले लोक एका बाटलीसाठी त्याच्या हातात काहीही देतील. म्हणून मी अट घातली. अष्टमीला तुझ्या परसात सराव. जमलं तर मशीन, नाहीतर तलवार. मामा म्हणाला सरी, सरी, म्हणजे ठीक, ठीक. तो दोनदा सरी म्हणतो तेव्हा एकदाही ऐकलेलं नसतं.

अष्टमीला सकाळी गेलो तर मामा फेटा बांधून, खांद्यावर जरीचा शेला टाकून तयार. मी पहिल्यांदा शेला काढायला लावला. साखळीत पदर गेला तर पदराच्या मागं माणूसही जातो. मग मशीन जमिनीवर ठेवलं, मागच्या मुठीत पाय घातला, ब्रेक लावला आणि मगच दोरी ओढली. मामाला हे बघवेना. त्याचं म्हणणं, म्यानातनं काढल्यासारखं हातातल्या हातातच सुरू करायला पाहिजे. मी बंद केलं.

सकवारमामी दारात तांदूळ निवडत बसली होती. मामाचं सगळं वीरत्व तिनं पस्तीस वर्षं धुऊन वाळत घातलंय. तिनं मला विचारलं, हे लाथ मारतं म्हणजे नेमकं काय करतं. मी ज्योतिबाच्या तोंडावरचे टाके सांगितले आणि बंद मशीन हातात घेऊन दाखवलं. पट्टीवर साखळी पळते. टोकाचा वरचा भाग कशालाही टेकला की साखळी तिथं चावा घ्यायला जाते, जमत नाही, मग सगळं मशीन उसळून मागं येतं. मागं म्हणजे धरणाऱ्याच्या तोंडावर. डोळा मिटायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही. म्हणून डाव्या हाताची मूठ पुढच्या दांड्यावर, अंगठा खालून वळवलेला, कोपर ताठ. त्या दांड्यापुढं ढाल आहे. मशीन उसळलं की मनगट ढालीवर आपटतं, ब्रेक लागतो आणि साखळी थांबते. आणि उभं राहायचं स्वल्प डावीकडं, पट्टीच्या रेषेत नाही.

"आणि एका हातानं धरलं तर?" मामीनं विचारलं.

"तर ढालीवर आपटायला मनगटच नसतं."

मामी सूप बाजूला ठेवून उठली. "दोन हातांनी शीक," ती मामाला म्हणाली. "कुंकू माझ्या कपाळावर आहे तेवढं बास. तुझ्या तोंडावर नको."

मामा दोन हातांनी शिकायला लागला, पण तोंड असं केलं जणू त्याला कुणी धुणं धुवायला बसवलंय. परसात सिल्व्हर ओकचा एक ओंडका होता. पहिला काप वाकडा गेला, दुसरा बरा. साखळी पूर्ण वेगात आणायची आणि मगच लाकडाला लावायची, हे त्याला पटलं. तिसऱ्या कापाला भुसा पायावर पडायला लागला आणि मामा खुलला. मला वाटलं, चला, माणूस हाती लागला. तिथंच मी चुकलो. पाणी प्यायला दोन पावलं मागं आलो.

ओंडक्याच्या तळाशी बोटभर लाकूड तुटायचं राहिलं होतं. मामानं मशीन बाहेर काढलं आणि भाला भोसकावा तसं टोकच आत खुपसलं.

एक आवाज झाला, फटाक्यासारखा. मशीन वर उसळलं. पुढं जे झालं ते मला तुकड्यातुकड्यात आठवतं. मामाचं मनगट ढालीवर आपटलं, साखळी थांबली आणि थांबलेली पट्टी फेट्यावर टेकली. इंजिन तेवढं खालच्या आवाजात गुरगुरत राहिलं. मी जाऊन बंद केलं. फेट्याचा वरचा पदर दातांनी उसवल्यासारखा फाटला होता. खाली मामाचं कपाळ जिथल्या तिथं होतं, फक्त पांढरं पडलेलं.

मग मामा दगडावर बसला आणि आपला डावा हात उलटसुलट करून बघत राहिला. पोटभर शिव्या मी घशापर्यंत आणल्या होत्या. पण मामी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, बोटानं त्याच्या कपाळाच्या मधोमध एक रेघ ओढली, नाकावरून खाली हनुवटीपर्यंत, आणि पुन्हा तांदूळ निवडायला गेली. माझ्या शिव्यांची गरजच उरली नाही.

खंडेनवमीला मशीनची पूजा झाली. मामीनं तलवारीशेजारी पाट मांडला आणि झेंडूचा हार मशीनला एवढ्या भक्तीनं गुंडाळला की ढाल दांड्याला घट्ट बांधली गेली, ब्रेक हलेना. मी दोरा कापला तेव्हा ती रागावली. मी म्हटलं, मामी, देवीला हार घाला, ही ढाल मोकळी ठेवा.

दसऱ्याला देवळापुढं ही गर्दी. हलगी वाजत होती, पंच खुर्च्यांवर बसले होते आणि नरसिंगराव पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात पहिल्या रांगेत. मामानं मशीन जमिनीवर ठेवून पाय घालून सुरू केलं आणि दोन्ही हातांनी उचललं, कमरेच्या उंचीला. गर्दीत खसखस पिकली.

"फत्तेसिंग," नरसिंगराव ओरडून म्हणाले, "सुताराचा धंदा कधी धरलास? एका हाताचा मान आहे हा."

मामाचा चेहरा मला दिसत होता. नाकपुड्या फुलल्या. दांड्यावरचा डावा हात सैल झाला, बोटं एकेक करून सुटायला लागली. चार बोटं सुटली. मी पुढं झालो, पण पोचलो नसतो. मामाच्या घराण्यात अशा वेळी कुणी थांबलेलं नाही, म्हणून तर भिंतीवर एवढे फोटो आहेत.

अंगठा तेवढा राहिला. मग बोटं परत आली. मामानं ब्रेक लावला, मशीन बंद करून खाली ठेवलं आणि केळीच्या खांबाभोवती फिरून आला. तोडायच्या आधी मागं काय आहे ते बघ, हे मी त्याला दहा वेळा सांगितलं होतं. खांबामागं, पानांच्या आड, लोखंडी पाइप रोवलेला होता. गेल्या वर्षी खांब वाकला म्हणून कुणीतरी आधार दिलेला. मामानं एका हातानं मशीन वरून खाली आणलं असतं तर टोक थेट लोखंडावर.

मामानं पाइप उपटायला लावला. हलगीवाले थांबले. नरसिंगरावांनी पुन्हा तेच सुनावलं, एक हात म्हणजे एक हात, नाहीतर मान सोड.

"सोडला," मामा म्हणाला.

एवढंच. मोठ्यानंही नाही. मग त्यानं मशीन पुन्हा जमिनीवर ठेवूनच सुरू केलं, दोन्ही हातांनी उचललं, पाय फाकवले, स्वल्प डावीकडं सरकला, साखळी वेगात आणली आणि पट्टीचा मधला भाग केळीला लावला. खांब एका दमात आडवा झाला. केळीचा ओला चोथा चहूकडं उडाला. पहिली रांग न्हाऊन निघाली, नरसिंगरावांच्या सदऱ्याचा रंग सांगता येईना. पोरीबाळी हसून हसून खाली बसल्या.

पंचांनी नियम काढला. घाव एक, पण हात दोन. मान राजाजीनगरला. पाच मिनिटं वादावादी झाली, त्यात सगळ्यात जास्त मीच भांडलो, आणि सगळं वाया गेलं. मानाची तलवार नरसिंगरावांच्या हातात गेली. मामानं ती स्वतः नेऊन दिली आणि प्रसादाच्या रांगेत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन न्यायला गेलो तेव्हा मामा परसात खिळ्याला आरसा टांगून दाढी करत होता. एका गालाची झाली होती. त्यानं पुन्हा फेस लावला आणि तोच गाल नव्यानं करायला घेतला. मामी म्हणाली, तासभर हेच चाललंय, कॉफी दोनदा गार झाली.

"करू दे की," मामा आरशातूनच म्हणाला. "माझंच तोंड आहे."

मी मशीन उचललं. त्यानं आधी ब्रेककडं बघितलं, लावलेला आहे ना, आणि मग हनुवटी वर केली.