तात्यांचं खरं उत्तर

तात्या, माझे सासरे, गुडघेदुखीच्या गोळ्या मनानेच घेत होते. सकाळी त्यांना कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली. माझा नवरा अजेय कामावर गेलेला, म्हणून आमच्या लहानग्या ऋजुताला कडेवर घेऊन मीच त्यांना भिसेगावातून रिक्षाने डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"त्या गोळ्यांनी पोटात व्रण, म्हणजे अल्सर, झाला असावा," त्या म्हणाल्या. "नाडी, रक्तदाब, रक्ताचा रिपोर्ट आणि तुमची उत्तरं यांवरून मी गुण देते. कमी आले तर औषध घेऊन घरी. जास्त आले तर खोपोलीला दाखल व्हायचं."

बाकी सगळं ठीक निघालं. शेवटी त्यांनी विचारलं, "आजोबा, शौचाला काळी होतेय का? आत रक्त वाहत असलं की तशी होते."

तात्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "छे छे! अगदी व्यवस्थित."

बाई औषध लिहायला लागल्या. मला मात्र सकाळचा संडास दिसत होता.

"डॉक्टर, काळीच होती. डांबरासारखी. मी पाहिलीय."

तात्या कानापर्यंत लाल झाले. बाईंनी गुण वाढवले आणि खोपोलीच्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली.

तिथे पोटात घातलेल्या दुर्बिणीतून दिसलं, व्रणातून रक्त झिरपत होतं. डॉक्टरांनी लगेच चिमटा लावून ते थांबवलं.

संध्याकाळी तात्या पुटपुटले, "सुनेनं बघायची गोष्ट आहे का ही?"

"ऋजुताची रोज बघते, तात्या. तुमची एकदाच बघितली."

"यापुढे अजेयला सांगेन."

घरी आल्यावर काही दिवसांनी अजेय अंघोळीला गेला होता, तेव्हा संडासातून हाक आली, "अगं, ऐकतेस का? आज रंग नीट आहे हो!"