बटणावरचा तडा

मी वारज्याच्या हेमाताईंचा मोबाईल बोलतोय. घाबरू नका, रिचार्ज मागत नाही.

खरं तर मला आणलं होतं त्यांच्या यजमानांसाठी, सुदर्शनरावांसाठी. ते ॲपवर रिक्षा चालवतात. स्वारगेटला मी त्यांच्या हातून पडलो आणि काचेला तडा गेला. दोन भाडी हुकली, तशी त्याच संध्याकाळी त्यांनी नवा फोन घेतला. मी हेमाताईंकडे आलो. या घरात वापरून झालेली वस्तू त्यांच्याकडेच येते.

हेमाताई पार्लरमध्ये कामाला होत्या. गिऱ्हाइकं ॲपवरून घरीच बोलवायला लागली आणि पार्लर बंद पडलं. मग ताईंनी त्याच ॲपवर नाव नोंदवलं. हात इतका हलका, की दातात दोरा धरून भुवया करताना समोरचीला डुलकी लागायची.

पण काम आलं की अर्ध्या मिनिटात 'स्वीकारा' दाबावं लागतं, आणि माझा तडा नेमका त्याच बटणावरून गेलेला. ताई दाबायच्या, काच पुसून पुन्हा दाबायच्या, मला काही कळायचंच नाही. काम दुसरीला जायचं. ॲपला वाटायचं, बाईच नको म्हणतेय. दोनदा ताकीद आली.

"अहो, लग्नसराईपुरता तुमचा फोन द्याल का? आता एक जरी काम हुकलं तर काढून टाकतील मला."

"आणि मी रिक्षा काय शिट्टी मारून चालवू? माझा धंदा आहे हेमा. तुझा आपला घराला हातभार."

लेकीची, स्पृहाची, कॉलेजची फी त्याच हातभारातून गेली होती. ताईंनी पदरानं माझी काच पुन्हा पुसली. मला फार वाईट वाटलं.

गुरुवारी खराडीहून नवरीचं काम आलं. ताईंनी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. मी जिवाचा आटापिटा केला, पण तड्याखाली मी मेलेलाच. संध्याकाळी खातं बंद झाल्याचा निरोप आला. तो मात्र मी अगदी स्वच्छ दाखवला.

आता ताई भांडी घासायला जातात. ज्यांच्या भुवया केल्या, त्यांतल्याच दोघींकडे. साबणानं बोटं खरबरीत झालीत. मला फक्त पाचचा गजर लावायला हातात घेतात.

काल स्पृहानं नोकरी शोधायला फोन मागितला.

"नवा कशाला? आईचा आहे की," सुदर्शनराव म्हणाले.

आत्ता ताई मला पदरानं पुसतायत, लेकीला द्यायला. ताई, ऐका माझं. मला भंगारात घाला, वाईट वाटून घेणार नाही. पण हा तडा तिच्या हातात देऊ नका.