दुपारची डुलकी

"हा मीच ना?" टेलरने वर्तमानपत्राची घडी चित्रकाराच्या नाकासमोर धरली.

छापलेल्या चित्रात एक माणूस शिलाई मशीनवर डोकं टेकून झोपला होता. तोंड उघडं, गालाखाली अर्धवट शिवलेली बाही, पायातली एक चप्पल निसटलेली. नाही म्हणायला जागाच नव्हती.

"तुम्हीच," चित्रकार म्हणाला. "चित्र चांगलं झालंय. सगळे म्हणतायत."

"चित्र चांगलं असेल हो. मी वाईट दिसतोय त्याचं काय? सकाळपासून तीन गिऱ्हाइकांनी विचारलं, झोप झाली का म्हणून. मुलीच्या सासूनं तर तिला ऐकवलं, तुझे वडील पेपरात आलेत, घोरताना!"

चित्रकाराला हसू फुटलं. ते त्याने गिळलं, पण उशिरा.

"हसा. निदान सांगायचं तरी होतं. धुतलेला शर्ट घातला असता."

"सांगितलं असतं तर तुम्ही झोपला नसता."

"मग नसतो झोपलो! कोणाचं काय अडलं असतं?"

अकरा वर्षांत टेलर पहिल्यांदाच वर आला होता. एरवी चित्रकारच रोज चार वाजता जिना उतरून त्याच्या दुकानात चहाला जायचा. टेलर बोलायचा, हा ऐकायचा. दिवसभरात त्याच्या कानावर पडणारा माणसाचा आवाज तेवढाच. दुकानाचं मागचं दार त्याच्या खिडकीखालीच उघडायचं आणि दुपारी टेलर त्या दारातच मशीनवर बसायचा. तिथूनच त्याने दुपारमागून दुपार ती झोप कागदावर उतरवली होती.

टेलरने खोलीभर नजर फिरवली. भिंतीला टेकवलेली माणसाएवढी चित्रं. बुटातला खडा काढणारा पहारेकरी, आरशापुढे पोट आत ओढणारा न्हावी. सगळी आपापल्या नादात, कोणाचंच लक्ष बघणाऱ्याकडे नाही. आपल्याकडे कोणी बघत नाही असं वाटतं तेव्हाच माणूस खरा दिसतो, असं चित्रकार मुलाखतींतून सांगायचा. त्याचं पहिलं गाजलेलं चित्र त्याच्या बायकोचं होतं. आई गेल्याचा फोन आल्यावर ती पलंगाच्या कडेला पाठमोरी बसली होती, ते. तिने ते थेट प्रदर्शनातच पाहिलं. "मी रडत होते तेव्हा तू दारात उभा राहून हे बघत होतास? जवळ नाही आलास?" एवढंच म्हणाली. पुढे बहिणीकडे म्हणून गेली, ती गेलीच.

"साहेब, बघतो तर मीसुद्धा," टेलर म्हणाला. "माप घेताना सगळं दिसतं. कोणाच्या पाठीवर भाजल्याचा डाग, कोणाचा खांदा पडलेला. पण या कानाचं त्या कानाला कळू देत नाही. पडक्या खांद्यात कापसाची पट्टी घालतो, कोट सरळ बसतो. घालणाऱ्यालाही पत्ता लागत नाही."

तो गेला. चित्रकाराने खुंटीवरचा, टेलरनेच शिवलेला प्रदर्शनात घालायचा कोट काढला आणि अस्तरावरून बोट फिरवलं. उजवा खांदा सपाट. डाव्यात बोटभर जाडीची पट्टी.

दुसऱ्या दिवशी तो चित्र उतरवायला गेला. प्रदर्शन भरवणाऱ्या बाई चक्रावल्या. "अहो, ते विकलं गेलंय! पेपरातही आलं. आता काढून काय साधणार?"

"काही नाही. विचारायचं राहून गेलं होतं."

"कोणाला?"

"ज्याचं आहे त्याला."

बाईंनी डोक्याला हात लावला. पण चित्रकार अडूनच बसला, तेव्हा चित्र बांधून दिलं.

ते त्याने दुकानात नेऊन ठेवलं. "घ्या. फाडा, जाळा, तुमची मर्जी."

"मी काय करू याचं? यावर कापड अंथरून कापू?" टेलर म्हणाला खरा, पण चित्रासमोरून हलला नाही. मग हळूच म्हणाला, "बायको गेल्यापासून रात्रीचा डोळा लागत नाही. दुपारी मशीनच्या आवाजात लागतो. हे कोणाला ठाऊक नव्हतं हो." आणि कात्री उचलून कामाला लागला. "न्या ते वर."

चित्र वर गेलं, भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं. त्या आठवड्यात दुकानाच्या मागच्या दाराला जाड पडदा लागला. चार वाजता चित्रकार दोनदा अर्ध्या जिन्यापर्यंत उतरला आणि माघारी फिरला. कामात हात चालेना. खिडकीशी बसायचा, तर खाली पडदाच दिसायचा.

अठराव्या दिवशी तो शर्टाचं कापड घेऊन खाली गेला.

"या साहेब," टेलर म्हणाला. आवाजात राग नव्हता. कुठल्याही गिऱ्हाइकाला म्हणावं तसं होतं ते. "शर्ट ना? उभे राहा, माप घेतो."

चित्रकाराची मापं त्याला तोंडपाठ होती. अकरा वर्षांत त्याने कापड नुसतं हातात घेतलं होतं आणि शिवून दिलं होतं. आज त्याने गळ्यातली टेप काढली.

"हात वर."

चित्रकाराने हात पसरले. टेप छातीभोवती फिरली, पाठीवर बोटं टेकली, मनगटाशी थांबली. इतक्या दिवसांत त्याला कोणाचा स्पर्श झाला नव्हता. टेलर पुटपुटत आकडे म्हणत होता, आणि आपली नजर त्याच्या चेहऱ्याकडे जाऊ नये म्हणून चित्रकार समोरच्या कॅलेंडरवरच्या तारखा वाचत होता.

"झालं. शनिवारी घेऊन जा," टेलर म्हणाला आणि मशीनकडे वळला.

चित्रकार हात पसरून तसाच उभा होता.