चमच्यांखालची पाने

मित्रांनो, एका बाईने पत्र लिहून एक साधा प्रश्न विचारला होता. तिला कोणी उत्तर दिले नाही. ते पत्र कित्येक महिने घडी घालून माझ्याच पोटात पडून होते, म्हणून त्यातला शब्द न् शब्द मला पाठ आहे.

मी एक जुनी कादंबरी आहे. चर्चच्या मागच्या खोलीतल्या वाचनालयात माझा सगळा जन्म गेला. मी काही थोर कादंबरी नाही, हे आधीच सांगून टाकते. माझे सातवे प्रकरण रेंगाळते, आणि एका अंगठीमुळे सगळे उलगडते तो योगायोग तर मलाही पटत नाही. पण खोटेपणाची मला मनस्वी किळस आहे, आणि माझ्या नशिबी तोच आला.

मला लिहिले रात्रशाळेत इतिहास शिकवणाऱ्या एका मास्तरांनी. गोष्ट फार जुन्या काळातली, समुद्रकाठच्या एका शहरातली. राजाचे शिपाई ख्रिस्ती लोकांना हुडकून तुरुंगात टाकत आहेत. एका रंगारणीच्या घरात, कापड रंगवायच्या हौदांमागे, विश्वासणारे लपून प्रार्थनेला जमतात. त्यांची नावे कोणीतरी फोडतो. कोण, हे शोधताना वाचकाची झोप उडावी अशी मास्तरांची इच्छा होती. शेवटी कळते की तो रंगारणीचाच थोरला मुलगा. त्याच्यामुळे सख्खा धाकटा भाऊ धरला गेला आणि परत आला नाही. मग एका पहाटे हा थोरला आईच्या दाराशी येऊन उभा राहतो.

छापखान्यातून मी बाहेर आले तेव्हा माझ्या मुखपृष्ठावर ओठ रंगवलेली, हातात दिवा घेतलेली एक गोरीपान मुलगी होती. माझ्या रंगारणीचे हात कोपरापर्यंत निळे आहेत आणि तिचे केस पिकलेले आहेत. चित्रकाराने मला वाचले नव्हते. पाठीवर छापले होते, 'थरारक! हृदयस्पर्शी! विश्वास दृढ करणारी!' ते लिहिणाऱ्यानेही मला वाचले नव्हते. अशी माझी सुरुवात.

वाचनालयात मी पुष्कळ हातांत फिरले. बोटाला थुंकी लावून पाने उलटणाऱ्यांनी माझे कोपरे पिवळे आणि मऊ करून टाकले. एका गृहस्थांनी माझ्यावर डास मारला, तोही नेमका प्रार्थनेच्या प्रसंगावर, आणि मला तसेच मिटले. कोणी माझ्यावर नखे कापली, कोणी चहाची बशी ठेवली. कागदाला पाणी सोसत नाही, नाहीतर रोज आंघोळ केली असती. पण हे सगळे मी निमूट सोसले. मला खरी शिसारी आली ती शिफारशीच्या कागदाची.

तो कागद माझ्या पहिल्या पानावर चिकटवलेला होता. वाचून झाले की त्यावर एक ओळ लिहायची, असा नियम होता. भगिनी मंडळाच्या ताईंनी मला महिनाभर उशाशी ठेवले, दुसऱ्या प्रकरणात झोपल्या, आणि लिहिले, 'शेवट तर अप्रतिम.' मग मागे कोण राहणार? 'शेवट वाचून अंगावर काटा आला.' 'शेवटी डोळे भरून आले.' 'असा शेवट फक्त विश्वासूच लिहू शकतो.' मित्रांनो, तेव्हा मला शेवट उरलाच नव्हता. माझी शेवटची पाने कोणीतरी पात्याने कापून नेली होती. कोणी, ते आत्ताच सांगत नाही. मी रहस्यकथा आहे, एवढा हक्क मला असावा.

वाचनालय सांभाळत असत ते ग्रंथपालकाका. कोर्टात नकला उतरवण्याचे काम करून ते निवृत्त झाले होते. फार भिडस्त माणूस. पुस्तक परत मागायचे तर तेच माफी मागत. माझ्या पाठीवरची धूळ मऊ फडक्याने पुसणारा तो एकटाच. दर महिन्याला ते फळ्यावर सुरेख अक्षरात एका पुस्तकाची शिफारस लिहीत. लोक त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत. एका महिन्यात त्यांनी माझी शिफारस लिहिली. मला आधी आनंद झाला. मग मी नीट पाहिले. ती माझ्याच पाठीवरची वाक्ये होती.

तो फळा वाचून मला घरी नेले एका शिवणकाम करणाऱ्या बाईने. पुढे तिचे दुखणे वाढले आणि ती दुसऱ्या गावी मुलीकडे राहायला गेली. मी तिच्या सामानातून गेले. तिने मला अंथरुणावर पडून, छातीवर उभे धरून वाचले, न थुंकी लावता, पहिल्या ओळीपासून. मग टपालाने मला परत पाठवले. आत पत्र होते.

'ग्रंथपालकाका, शेवटची पाने यात नाहीत. तुम्ही वाचले आहे, म्हणून विचारते. आईने दार उघडले का? माझा थोरला एवढ्या वर्षांनी भेटायला येतो म्हणतो. त्याच्या खोट्या साक्षीने माझ्या धाकट्याची नोकरी गेली आणि घर फुटले, हे तुम्हाला ठाऊक आहे. उत्तर गोष्टीत शोधते म्हणून हसू नका. पाळकसाहेबांना विचारले तर ते क्षमा कर म्हणतील. मला उपदेश नको. ती रंगारीण माझ्यासारखी वाटली. तिने काय केले तेवढे कळवा.'

काकांनी पत्र वाचले. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी माझे मागचे पान उघडले, कापलेली कड पाहिली, पत्र माझ्यात परत घातले आणि मला कपाटाच्या तळाशी ठेवले. वर चिठ्ठी लावली, 'दुरुस्तीसाठी'. कोणी विचारले तर सांगत, "बाहेर गेलीय." डास मारणाऱ्याची मला जेवढी किळस आली नव्हती तेवढी त्या दिवशी या सभ्य माणसाची आली.

कपाटाच्या तळाशी कसर, ओल आणि जुन्या भजनांची फाटकी पुस्तके. तिथे मी कित्येक महिने पडून होते. मग एके सकाळी काकांनी मला घाईने उचलले. त्यांच्या हातात एक कार्ड होते. शिवणवालीच्या मुलीने लिहिले होते, 'आई विचारते, पत्र पोचले ना? नसेल तर पुन्हा लिहीन म्हणते. दादा या रविवारी येणार आहे. ती रात्रंदिवस दाराकडे बघत असते.'

तक्रारीचा एक शब्द नव्हता. काका मला पिशवीत घालून घरी घेऊन गेले आणि वाचायला बसले.

"आज सूर्य कुठून उगवला?" काकू म्हणाल्या. "गोष्टीचं पुस्तक, आणि तुमच्या हातात?"

"वाचायला हवं."

"मग फळ्यावर एवढं कौतुक लिहिलं होतंत ते?"

"मागच्या पानावरून उतरवलं होतं."

काकूंनी हातातली सुई थांबवली. "म्हणजे वाचलंच नव्हतं तुम्ही?"

"छळाच्या गोष्टी मला वाचवत नाहीत गं. सारखं वाटतं, मला धरलं असतं तर पहिल्या थपडेतच मी सगळ्यांची नावं सांगून मोकळा झालो असतो."

"थपड कशाला? नुसतं जोरात ओरडलं तरी सांगाल." काकू पुन्हा शिवू लागल्या. "माझं तेवढं शेवटी सांगा."

काका हसले, पण वाचत राहिले. सातव्या प्रकरणात त्यांना डुलकी लागली, त्याचा मी राग मानत नाही. थोरल्यानेच नावे दिली हे कळले तेव्हा ते चष्मा काढून बराच वेळ बसले. दिवस कलताना ते माझ्या शेवटच्या ओळीपाशी आले. 'त्याने दारावर थाप मारली. आतून पावलांचा आवाज आला, आणि'. पुढे काही नाही.

त्यांनी कापलेल्या कडेवरून बोट फिरवले. कड सरळ होती, पट्टी लावून कापल्यासारखी. त्यांना काय सुचले कोण जाणे, त्यांनी माझे पहिले पान उघडले आणि शिफारशीचा कागद वरून खाली वाचला. शेवटाचे गोडवे गाणाऱ्या सगळ्या ओळींच्या वर, ताठ अक्षरात एकच ओळ वेगळी होती. 'शेवट काढून टाकण्यासारखा.'

ते अक्षर गावात कोणीही ओळखले असते. ते मोठ्या बाईंचे होते. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आणि वाचनालय समितीच्या अध्यक्षा. त्यांच्यासमोर पाळकसाहेबसुद्धा खुर्चीत सरळ बसत.

दुसऱ्या दिवशी काका बाईंच्या दारावरून तीनदा पुढे गेले. चौथ्यांदा बाईंनीच खिडकीतून हाक मारली. "रस्ता मोजताय का? आत या. पाय पुसा."

काका खुर्चीच्या कडेवर टेकले. "बाई, एक विचारायचं होतं. म्हणजे, रागावणार नसाल तर."

"ते ऐकल्यावर ठरवीन."

"या पुस्तकाची शेवटची पानं..."

"मी कापली."

रात्रभर जागून काकांनी पुष्कळ वाक्ये जुळवून आणली होती. एकाचाही उपयोग झाला नाही. "तुम्ही?"

"मग काय उंदरांनी? उंदीर पट्टी लावतात का? आणि लपवलं नाही मी. लिहिलं होतं. तुमच्यापैकी एकाने जरी पुस्तक पुरं वाचलं असतं तर दुसऱ्या दिवशी विचारायला आला असता. मी वाट बघत होते. एक जण येईना. उलट शेवट अप्रतिम म्हणे. मला इतका उबग आला की मी समितीत तोंड उघडणं सोडून दिलं."

मित्रांनो, मला कापणारी बाईच माझी पहिली पुरी वाचक निघाली. तिचा राग करावा की आभार मानावेत, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

"पण का कापलीत?" काकांनी विचारले.

"भावाला धरून देणाऱ्या मुलाला आई घरात घेते. हे आपल्या पोरांनी वाचायचं? मग जे तोंड न उघडता मेले ते काय वेडे होते?"

काकांना वाद घालता येत नाही. त्यांनी शिवणवालीचे पत्र पुढे केले. बाईंनी ते उभ्याने वाचले. मग बसून पुन्हा वाचले.

"ही आपली शिवणवाली," त्या म्हणाल्या. "शाळेचे गणवेश हीच शिवायची. तिचा थोरला माझ्या वर्गात पहिल्या बाकावर होता. सगळ्यांच्या चुगल्या करायचा." त्यांनी पत्राची घडी घातली. "मी त्याला शाबासकी द्यायचे."

मग त्या उठल्या. "चला स्वयंपाकघरात. मी कागद टाकत नाही कधी."

त्यांनी ओट्याचा खण ओढला. चमचे, डाव, झारा, सोलाणे, सगळे बाहेर काढले. खाली माझा शेवट अंथरलेला होता. तेलाचे डाग, गंजाची वर्तुळे, एका कोपऱ्यात साखरेचा चिकटा आणि त्यात मेलेल्या मुंग्या. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते माझे स्वतःचे अंग समोर होते, आणि मला त्याचीच ओकारी येत होती.

काका टेबलाशी बसून पाने उतरवू लागले. बाई पाठमोऱ्या उभ्या राहून चमचे घासू लागल्या. पहिल्याच पानावर काका अडले. "इथे तेल सांडलंय. काय असेल?"

"'तिने कडी काढली,'" बाई म्हणाल्या. त्यांनी मागे वळूनही पाहिले नाही.

काकांनी लिहिले. पुढे गंजाचा डाग होता. त्यांनी विचारायच्या आतच बाई बोलू लागल्या. "'हौद दोघांनी ढवळायचा असतो. धाकटा गेल्यापासून ती एकटीच ढवळत होती. तिने भिंतीला टेकवलेली दुसरी काठी उचलली आणि त्याच्या हातात दिली. ही तुझ्या भावाची, ती म्हणाली. धर.'"

काकांचे पेन थांबले. "बाई, तुम्हाला हे सगळं पाठ आहे?"

"चमचा काढताना नजर जाते." बाईंनी घासलेला झारा पालथा घातला. "रोज जेवावं लागतं ना मला."

नक्कल पुरी झाली. मग काकांनी वेगळ्या कागदावर पत्र लिहिले. त्याची पहिलीच ओळ होती, 'मी ही कादंबरी न वाचता तिची शिफारस केली होती, म्हणून तुमच्या पत्राला उत्तर देऊ शकलो नाही.'

बाईंनी खांद्यावरून वाचले. "इतकं उघडं लिहायलाच हवं का?"

"नाहीतर तिला वाटेल, एवढे दिवस मी उत्तर शोधत होतो."

शेवटी त्यांनी लिहिले, 'तुम्ही काय करावे हे मला ठाऊक नाही. रंगारणीने काय केले ते सोबत आहे.' बाईंनी त्यांच्या हातून पेन घेतले आणि खाली आपल्या ताठ अक्षरात लिहिले, 'मी दार उघडले नसते. पण मला मुले नाहीत.'

माझी पाने त्या स्वतः पुसून, वाळवून मला चिकटवून देणार आहेत. अट एकच, शिफारशीच्या कागदावरचा त्यांचा शेरा कोणी खोडायचा नाही. मला तो अजिबात खोडून नको आहे. त्या कागदावर तेवढी एकच ओळ मला वाचून लिहिलेली आहे.

मित्रांनो, आमच्यावर डाग पडतात, पाने गळतात, कसर लागते, त्याला इलाज आहे. पण वाचले नसेल तर 'वाचले नाही' एवढे म्हणा. तुमच्या एका ओळीवर भरवसा ठेवून कोणीतरी आम्हाला अंथरुणात छातीवर धरून बसलेले असते.

टपालपेटी बाईंच्या गल्लीच्या तोंडाशी होती. काका निघाले तशा बाईही चपला घालून निघाल्या. "तुम्ही पाकीट खिशात घालून परत घरी न्याल," त्या म्हणाल्या. मी काकांच्या पिशवीत होते. संध्याकाळचे टपाल अजून गेले नव्हते. आज टाकले तर रविवारच्या आत पोचणार होते.

काकांनी पाकीट पेटीच्या तोंडात अर्धे सरकवले आणि तिथेच धरून ठेवले.

"बाई, सुरुवात जरा नीट करता आली असती. एकदा पुन्हा वाचून..."

"सोडा," बाई म्हणाल्या.

त्यांनी सोडले.