एकतीस उल्लेखांचा पुंजाराम

"पुंजाराम, अरे तू शास्त्रज्ञ झालास!"

राधाकृष्ण कारकून हातातलं भिंग तसंच घेऊन ग्रंथालयातून पळत बाहेर आला. पुंजाराम चहाच्या कपबश्या विसळत होता.

"थट्टा करू नगा, भाऊसाहेब. मला कायम करायचं काय झालं, ते सांगा."

पाथर्डीकडच्या त्या ज्वारी संशोधन केंद्रावर पुंजाराम अठरा वर्षं रोजंदारीवर होता. निदान या त्र्याहत्तर साली तरी कायम व्हावं, म्हणजे बायकोला, लंकाबाईला, दरसाल कोयता घेऊन ऊसतोडीला जायला नको, एवढंच त्याचं मागणं. पण वरून भलतंच फर्मान आलेलं: ज्या केंद्राच्या लेखांचा बाहेरचे शास्त्रज्ञ उल्लेख करत नाहीत, ते केंद्र बंद! कुणी कुणाचा उल्लेख केला, हे सांगणारी जाडजूड अमेरिकी सूची पुण्याहून उसनी आणली होती. तिच्यातली अक्षरं खसखशीएवढी. राधाकृष्ण आठ दिवस भिंग लावून मोजत होता.

केंद्राचे एकूण उल्लेख निघाले चौतीस. त्यातले मोठ्या साहेबांचे तीन, आणि त्यातलेही दोन साहेबांनी स्वतःच केलेले. बाकी एकतीस ठिकाणी एकच नाव: पुंजाराम, १९६३.

दहा वर्षांमागं पुंजारामनं पंधरा दिवस ज्वारीत उकिडवं बसून खोडमाशीवर पाळत ठेवली होती. तेव्हाचे साहेब सरळ माणूस. त्यांनी लेखाच्या तळाला लिहिलं, 'ही माहिती पुंजाराम यांची.' साहेब पुढं वारले. तळटीप मात्र सातासमुद्रापार गेली आणि तिकडच्या लोकांनी पुंजारामला कुणी मोठा विद्वान समजून डोक्यावर घेतलं.

मोठ्या साहेबांनी त्याला बोलावलं. "काय बघितलं होतंस रे?"

"माशी पानाच्या खालच्या अंगाला अंडं घालती, सायेब. एका पानाला एकच. लई शिस्तीची."

"बघ, तुझ्याहून माशी बरी," साहेब म्हणाले आणि अहवाल लिहायला बसले. 'डॉ. पुंजाराम, वरिष्ठ कीटकशास्त्रज्ञ.'

"डॉक्टर कधी झाला हा?" राधाकृष्णनं हळूच विचारलं.

"एकतीस उल्लेखवाल्याला नुसतं 'श्री' लावलं तर वर संशय येईल."

तपासणीला पुण्याचे अधिकारी आले. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "डॉ. पुंजाराम कुठायत? त्यांना भेटायलाच आलोय."

"दौऱ्यावर गेलेत," साहेब म्हणाले.

ट्रेमधल्या कपबश्या किणकिणल्या. पुंजारामनं चहा पुढं केला.

"आले की सांगा त्यांना, त्यांच्यामुळं केंद्र वाचलं."

"सांगतो, सायेब," पुंजाराम बोलून गेला. मोठ्या साहेबांना जोराचा ठसका लागला.

केंद्र वाचलं. डॉ. पुंजारामना खोली मिळाली, गादीची खुर्ची मिळाली, दारावर नावाची पितळी पाटी लागली. खुर्चीवरची धूळ पुंजाराम रोज झटकायचा. बसला मात्र कधी नाही.

दसरा झाला आणि राधाकृष्ण हजेरीपट घेऊन आला. खाली मान घालून म्हणाला, "पटावर दोन पुंजाराम दिसतायत. पुढच्या तपासणीत अडकू, म्हणतायत साहेब. एक कमी करायचाय."

"कुठला?"

"डॉक्टरला काढलं तर केंद्र जाईल रे."

"पन त्यो तर न्हाईच ना, भाऊसाहेब!"

"नाही, म्हणून तर काढता येत नाही."

 पुंजारामनं राहिलेल्या कपबश्या धुतल्या आणि फळीवर उपड्या घातल्या.

सोमवारी ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक केंद्राच्या फाटकापाशी थांबला. लंकाबाई वर बोचक्यांत बसलेली. या साली तिच्या मांडीवर दोन कोयते होते. पुंजाराम डॉक्टरांच्या खोलीची किल्ली ठेवायला आत गेला तो येईचना.

"अवो, काय बघत बसलाय? गाडी निघाली!"

पुंजारामला वाचता येत होतं ते फक्त स्वतःचं नाव. तेवढं त्यानं वाचलं. खांद्यावरच्या पंच्यानं पाटी पुसली. एका अंगाला जराशी कलली होती, ती नीट केली. किल्ली नेहमीच्या खिळ्याला अडकवली आणि तो ट्रककडं निघाला.